आधी पाणी, मग सोलर: लातूरच्या २४ घरांच्या सोसायटीतल्या नोंदी

खाली पार्किंग, वर चार मजले, चोवीस घरं. इमारत २०११ ची. बोअर दोन आहेत: पहिलं ४६० फुटांचं, २०१४ पासून कोरडं पडलेलं, दुसरं ६२० फुटांचं, चालू, पण मार्च लागला की धाप टाकणारं. आमच्या भागात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. मी दोन वर्षांपासून सचिव आहे. या नोंदी मी सोसायटीच्या वहीत लिहीत होते, त्याच थोड्या नीट करून देते आहे. लातूर, धाराशिव, बीडकडच्या कुठल्या सोसायटीत हाच विषय निघाला, तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा होऊ नयेत.

१२ जानेवारी २०२५

मासिक बैठक. विषय एकच, गच्चीवर सोलर बसवायचं. शेजारच्या सोसायटीने बसवलंय, त्यामुळे सगळ्यांना घाई. १० किलोवॉटचं कोटेशन आलंय, ५ लाख ६० हजार. 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार परत येतील. पण आधी पूर्ण पैसे आपण भरायचे. यंत्रणा चालू होऊन तपासणी झाली की मग अनुदान खात्यात.

अध्यक्ष काका म्हणाले, "सह्या घ्या आणि कामाला लागा." मी आठ दिवस मागून घेतले. इतके पैसे घालण्याआधी आपला पैसा नेमका कुठे जातोय, ते बघायचं होतं.

१९ जानेवारी

खजिनदारांच्या घरी बसून २०२४ ची सगळी बिलं काढली. दुपारचं जेवणही तिथेच झालं.

सामायिक मीटरचं लाइट बिल महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. वर्षाचे १ लाख ९२ हजार. टँकरच्या पावत्या एका पिशवीत कोंबलेल्या होत्या, त्या मोजल्या. फेब्रुवारी ते जून १४२ टँकर, १२ हजार लिटरचा एक, सरासरी १,२०० रुपये. १ लाख ७० हजार ४००. त्यात बोअरची मोटार दोनदा जळाली, तिचं रिवाइंडिंग आणि वर काढण्या-सोडण्याची मजुरी ३७ हजार. पाण्याचा खर्च झाला २ लाख ७ हजार.

लाइट बिलापेक्षा जास्त. आणि हा आकडा आजवर कुणीच एकत्र मांडला नव्हता, कारण टँकरचे पैसे तीन-तीन महिन्यांनी वेगळे गोळा होतात आणि मोटारीचा खर्च 'दुरुस्ती'त जातो.

२ फेब्रुवारी

वायरमन भाऊंकडून मोटारींच्या लाइनवर एक साधा सबमीटर बसवून घेतला, २,४०० रुपये. दहा दिवस रोज सकाळी सहाला वाचन घेतलं. दिवसाला एकूण ४० युनिट, त्यातले २१ बोअरची आणि वरची टाकी भरणारी अशा दोन्ही मोटारींचे. लिफ्टचे साधारण ६, उरलेले १३ जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या जुन्या ट्यूबलाइटचे. म्हणजे लाइट बिलाचाही अर्धा भाग पाणी उपसण्याचाच निघाला.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. सकाळी वाचन घ्यायला गच्चीवर गेले तर वरची टाकी ओसंडून पाणी पाइपाने खाली पडत होतं. २० लिटरची बादली लावून मोबाइलवर वेळ बघितली. नऊ सेकंदांत भरली. मिनिटाला १३३ लिटर. वॉचमन मामांना विचारलं तर म्हणाले, "मोटार टाकून गेटवर आलो की ध्यान राहत नाही बघा ताई. कधी दहा मिनिटं, कधी वीस." मामांचा दोष नाही, एक माणूस गेट, मोटार आणि कचरा तिन्हीकडे किती पुरणार? पण रोजचे पंधरा मिनिटं धरले तरी दोन हजार लिटर. सहा दिवसांत एक टँकर नालीत.

याच आठवड्यात लेव्हल कंट्रोलर घेतला. वरची टाकी भरली की मोटार बंद, आणि बोअरचं पाणी तुटलं की बोअरची मोटारही बंद. ८,२०० रुपये. मोटार दोनदा जाळण्याआधीच हा घ्यायला हवा होता.

१६ फेब्रुवारी

नीळ. घरात पांढऱ्या कपड्यांना लावतो तीच. फ्लशच्या टाकीत अर्धा चमचा नीळ टाकायची, अर्धा तास फ्लश करायचं नाही आणि मग भांड्यात बघायचं. निळं उतरलं असेल तर टाकी गळते. चोवीस घरांतले ३८ संडास तपासले, त्यातले ११ गळके निघाले. पाण्याची धार इतकी बारीक असते की ना आवाज येतो ना दिसते. वॉशर बदलले, १५० रुपयांप्रमाणे १,६५० खर्च. आजवरच्या सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचं.

एका घरात आजी देवपूजा करत होत्या, त्यांनी आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच नीळ टाकून मला निरोप धाडला, "आमचा पण गळतोय गं."

ट्यूबही बदलल्या. २६ एलईडी, ६,७६० रुपये. त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

९ मार्च

ही नोंद फसलेल्या कामाची. गेल्या महिन्यात नळांना जाळीच्या तोट्या बसवल्या होत्या, पाण्यात हवा मिसळून धार कमी करणाऱ्या. ९५ रुपयांची एक, अशा ९६ आणल्या. ९,१२० रुपये. तीन आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. चौथ्या मजल्यावर तर भांडी घासायला पाणीच येईना.

एक तोटी काढून हातात घेतली. आत पांढरा, खरखरीत थर, नखाने खरवडला तर चुन्यासारखा पडत होता. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार किती, हे किटलीच्या बुडाला रोज दिसतं. तोट्या घेताना ते माझ्या लक्षात आलं नाही. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवल्या की मोकळ्या होतात, पण दर तीन आठवड्यांनी चोवीस घरांनी हे करणं व्हायचं नाही. शिवाय वरच्या मजल्यावरचे इन्स्टंट गीझर कमी धारेला चालूच होत नाहीत.

शेवटी नळाचं पाणी येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या ४० तोट्या ठेवल्या, ५६ काढल्या. ५,३२० रुपये वाया. ज्यांचं पाणी जड आहे त्यांनी आधी दोन नळांना लावून महिनाभर बघावं. चोवीस घरांसाठी एकदम आणू नये.

२० एप्रिल

आता पावसाचं पाणी. इथे मी आठवडाभर नुसते हिशेब केले.

गच्ची ४१० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. वर्षाला ७०० मिमी धरला आणि उडून, सांडून जाणारं सोडून ८० टक्के हाती लागलं असं मानलं, तर सुमारे २ लाख ३० हजार लिटर. ऐकायला खूप वाटतं. पण बारा हजारांच्या टँकरने भागलं तर एकोणीसच टँकर होतात. आपल्याला लागले १४२.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. ऑगस्टपर्यंत ती येत राहिली. तेव्हा आमच्या सोसायटीत घागरी रांगेत लावून पाणी वाटलं जाई. आज हिशेब केला तर आमच्या एका गच्चीवर वर्षाला पडतं ते पाणी त्या गाडीच्या साधारण साडेचार वाघिणींएवढं आहे. तेवढं दर वर्षी पाइपाने नालीत सोडून आपण साडेतीनशे किलोमीटरवरच्या पाण्याची वाट बघत बसलो होतो, हे मला अजून बोचतं.

तरीही सभेत खरं तेच सांगायचं ठरवलं: पुनर्भरणाने, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवून, टँकर बंद होणार नाहीत. आपल्याखाली काळा खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात साठतं. आपण सोडलेलं पाणी आपल्याच बोअरला लागेल की शेजारच्या, हे सांगता येत नाही. म्हणून पाण्याच्या दोन वाटा करायच्या. पाऊस चालू असताना फिल्टरमधून आधी खालचा हौद भरायचा, ते पाणी लगेच वापरात येतं. हौद भरला की बाकीचं जमिनीत.

आणि ते चालू बोअरमध्ये सोडायचं नाही, कोरड्या बोअरमध्ये सोडायचं. घाण गेलीच तर वापरातलं पाणी बिघडायला नको.

कोरड्या बोअरची खोली मोजून ठेवली. नायलॉनच्या दोरीला दर दहा फुटांवर गाठ मारली, टोकाला लोखंडी नट बांधला आणि सोडली. ४६० फुटांवर टेकली, वर आली ती कोरडी ठणठणीत.

४ मे

विशेष सर्वसाधारण सभा. मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवलेल्या सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सभेची मंजुरी हवीच. अडीच तास चालली.

सोलरला खरा विरोध बायकांकडून आला आणि तो रास्त होता. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, वर्षाची डाळ, मिरच्या हे सगळं गच्चीवरच वाळतं. पॅनल जमिनीलगत लावले तर वाळवणाला जागाच उरत नाही. कोटेशनमध्ये याचा विचारही नव्हता. आठ फूट उंचीचा सांगाडा केला तर खालची जागा मोकळी राहते, पण पॅनलची सावली पडणार, आणि सावलीत कुरडई वाळत नाही, आंबते. ठरलं असं: पॅनल उत्तरेच्या अर्ध्या गच्चीवर, उंच सांगाड्यावर, दक्षिणेची अर्धी गच्ची वाळवणाला मोकळी. पॅनल दक्षिणेला तोंड करूनच बसतात, तिकडे आडवं काही येत नाही. पाण्याची टाकीही पॅनलच्या उत्तरेलाच आहे.

मंजूर झालं ते पाण्याचं काम. सोलर ऑक्टोबरनंतर, तोवर मोटारींचे युनिट किती कमी होतात ते बघून.

२१ मे

आमची सर्वांत महागात पडलेली चूक.

कोरड्या बोअरभोवती सहा बाय सहा फुटांचा, आठ फूट खोल खड्डा खणला. केसिंगला, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपाला, खालच्या चार फुटांत भोकं पाडायची, त्यावर नायलॉनची जाळी आणि काथ्याची दोरी गुंडाळायची, मग खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर बारीक खडी, सर्वांत वर जाड वाळू, असा बेत. १९ तारखेला मिस्त्रींनी भोकं पाडून टाकली. जाळी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी म्हटलं, मे महिना आहे, काय होतंय.

यंदा मे महिन्यातच पावसाने झोडपलं. १९ च्या रात्री खड्ड्याची एक बाजू खचली आणि काळी माती पाण्यासकट त्या उघड्या भोकांतून आत गेली. सकाळी दोरी सोडली. ४३१ फुटांवर टेकली. एकोणतीस फूट गाळ एका रात्रीत.

कॉम्प्रेसर आणून बोअर फ्लश करावं लागलं, ९,५०० रुपये. खोली ४५२ पर्यंत परत आली, उरलेले आठ फूट गेले ते गेले. भोकं पाडणं हे शेवटचं काम. दगड, खडी, वाळू, जाळी सगळं खड्ड्याच्या काठावर येऊन पडल्याशिवाय केसिंगला हात लावू नका, आणि ते एकाच दिवसात उरका.

१५ जून

खड्डा भरून तयार. हौदाचा फिल्टर लागला, १२,००० रुपये. खड्ड्याचे सगळे मिळून ४६,०००. गच्ची दोनदा झाडून, कबुतरांची विष्ठा खरवडून धुतली. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला टी आणि व्हॉल्व्ह बसवला.

दुपारी चारला जोरात आला. आम्ही पाच-सहा जण छत्र्या घेऊन खड्ड्यापाशी उभे. दहा मिनिटं घाण पाणी बाहेर सोडलं, मग व्हॉल्व्ह फिरवला. पाणी वाळूवर पसरलं, जिरायला लागलं, पोरं ओरडली. आणि मग एका कोपऱ्यातून फेस यायला लागला. पांढरा, मऊ, तळहाताएवढे बुडबुडे. वाकून वास घेतला तर कपड्याच्या साबणाचा.

व्हॉल्व्ह उलटा फिरवायला सांगितलं आणि मी गच्चीवर पळाले. गच्चीवर कुणी नव्हतं. मग कोणत्या पाइपातून फेस येतोय ते बघितलं. पूर्वेकडचा. त्या पाइपाच्या कडेने एकेक मजला उतरत गेले, तेव्हा कळलं. तीन घरांनी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलंय आणि त्याचं सांडपाणी जवळच्या पावसाच्या पाइपात जोडून घेतलंय. बाहेरून रंग एकच, दोन्ही पाइप शेजारी शेजारी, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं तर त्या रडवेल्या झाल्या. त्यांना वाटत होतं पाइप ड्रेनेजचाच आहे. घर घेतलं तेव्हापासून तो तसाच जोडलेला. आधीच्या मालकाचं काम. पाऊस भर असताना त्यांनी मशीन बंद केलं, ओले कपडे बादलीत काढून ठेवले.

तिन्ही घरांचं सांडपाणी ड्रेनेजला वळवायला १४,५०० लागले. खर्च सोसायटीने केला. काहींनी आक्षेप घेतला की त्या घरांनी भरावा. माझं मत वेगळं होतं, आणि सभेने ते मानलं: पाइप सामायिक आहे, आणि काम सुरू करण्याआधी तो तपासणं हे आमचं काम होतं. ते फार सोपं आहे. कोरड्या दिवसात प्रत्येक पावसाच्या पाइपाखाली सकाळी बादली ठेवायची. संध्याकाळपर्यंत एक थेंबही पडला तर तो पाइप पावसाचा नाही. हे आम्ही जानेवारीतच करायला हवं होतं.

वरची सहा इंच वाळू काढून नवी टाकली. त्या पावसाचं बाकी सगळं पाणी नालीत गेलं.

१३ जुलै

खताचे दोन ड्रम मार्चपासून चालू होते, आज एकच उरला. ओला कचरा नुसता टाकत गेलो, वास सुटला, अळ्या झाल्या, खालच्या मजल्यावरच्यांशी रोज भांडण. प्रत्येक थरावर सुकं पान किंवा लाकडाचा भुसा टाकायला लागल्यापासून वास नाही. पण भुसा आणायचा कोणी, यावरून अर्धी घरं गळाली. नऊ घरं नियमित देतात. ज्यांना करायचंय त्यांच्यापुरतंच ठेवलंय.

२८ सप्टेंबर

वार्षिक सभा, ३० तारखेच्या आत घ्यावी लागते म्हणून आजच. बाहेर पाऊस थांबत नाही. आठवडाभर मराठवाड्यात गावंच्या गावं पाण्यात आहेत, चार सभासदांच्या गावाकडची सोयाबीन गेली, माती खरवडून गेली. हजेरी कमी, सगळ्यांचं लक्ष फोनकडे. आधी मदतीसाठी वर्गणी काढली, विषयपत्रिका नंतर.

आकडे वाचून दाखवले. मोटारी दिवसाला २१ वरून १६ युनिटवर आल्या, दिवे १३ वरून ६ वर. लिफ्ट तेवढीच. एकूण ४० चे २८. आमच्याकडे एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे १० नको, ७ किलोवॉट पुरे. शिवाय २२ सप्टेंबरपासून सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. उंच सांगाड्यासकट नवं कोटेशन ३ लाख ७८ हजार. अनुदान १ लाख २६ हजार वजा जाता २ लाख ५२ हजार. जानेवारीत घाई केली असती तर अनुदान जाऊन ३ लाख ८० हजार लागले असते, आणि वाळवणाची जागाही गेली असती.

पाण्याच्या आणि दिव्यांच्या कामाला आजवर १ लाख १० हजार १३० रुपये लागले. त्यातले १४,८२० शुद्ध चुकीचे: जास्तीच्या तोट्या आणि कॉम्प्रेसर. ड्राय बाल्कनीचे साडेचौदा हजार मी चुकीत धरत नाही, ते कधी ना कधी करावेच लागणार होते. सोलरमध्ये वाचलेले १ लाख २८ हजार या सगळ्याहून जास्त आहेत, हे खजिनदारांनी उभं राहून सांगितलं. ठराव एकमताने.

१२ ऑक्टोबर

कोरड्या बोअरमध्ये दोरी सोडली. ७४ फुटांवर पाणी लागलं. नटाला चिकटलेला गाळ बारीक, साबणाचा वास नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण वहीत मी स्पष्ट लिहून ठेवलंय की हा आकडा पुनर्भरणाचा पुरावा धरायचा नाही. यंदा पाऊसच इतका झाला की आजूबाजूच्या सगळ्याच बोअरना पाणी वर आलंय. आपल्या खड्ड्याचा त्यात वाटा किती, ते कमी पावसाच्या सालीच कळेल. हौदाचा फायदा मात्र मोजता आला: जून ते सप्टेंबर पावसाच्या दिवसांत बोअरची मोटार ३४ दिवस अजिबात लावली नाही.

३० नोव्हेंबर

पॅनल बसले. महावितरणच्या नेट मीटरची, म्हणजे सोलरची वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरची, वाट बघतोय, अर्ज जाऊन तीन आठवडे झाले. तोवर अनुदान नाही.

दोरी वॉचमन मामांच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. दर महिन्याच्या १५ तारखेला ते आणि मी मोजतो, आकडा नोटीस बोर्डावर लावतो. नोव्हेंबरचा ९१ फूट. मार्चमध्ये चालू बोअरला धाप लागते की नाही आणि पहिला टँकर कुठल्या तारखेला येतो, ते याच वहीत लिहीन.